जॅझ पियानो : प्रत्येक कॉर्डला वेगळे स्केल लावायचे, की सगळ्या धुनेला एकच?

प्रश्न : काळी_पाच

नमस्कार. मी बरीच वर्षे पेटी वाजवत आलो आहे आणि भजन व नाट्यपदे यांच्या साथीपुरता माझा हात बरा चालतो. आता डिजिटल पियानोवर जॅझ शिकू लागलो आहे. कॉर्ड्सची (एकत्र वाजवायच्या स्वरगुच्छांची) नावे वाचून त्या डाव्या हाताने धरता येतात, मेट्रोनोम लावून बार (चार मात्रांचे खंड) मोजता येतात. अडते ते उजव्या हाताने उपज (आयत्या वेळी सुचेल तशी स्वररचना) करायची वेळ आली की.

मी वापरतो त्या अभ्यासपुस्तकाच्या शेवटी एक लांबलचक तक्ता आहे. त्याच्या डाव्या रकान्यात कॉर्ड आहे आणि उजव्या रकान्यात तिच्यावर चालणारी स्केल्स (क्रमाने लावलेल्या स्वरांच्या मालिका) आहेत. मायनर सेव्हनपुढे डोरियन, एओलियन आणि फ्रिजियन अशी तीन नावे आहेत. डोमिनंट सेव्हनपुढे (डी सेव्हन, बी सेव्हन अशा, पुढच्या कॉर्डकडे ओढणाऱ्या कॉर्डपुढे) तर मिक्सोलिडियन, लिडियन डोमिनंट, अल्टर्ड, डिमिनिश्ड, होल टोन अशी रांगच लागली आहे. यांतले कोणते कधी निवडायचे, याविषयी तक्ता काहीच सांगत नाही.

सध्या ‘ऑटम लीव्हज’ ही धून ई मायनरमध्ये घेतली आहे. तिच्या पहिल्या आठ बारांत ए मायनर सेव्हन, डी सेव्हन, जी मेजर सेव्हन, सी मेजर सेव्हन, एफ शार्प मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह आणि बी सेव्हन अशा कॉर्ड्स एकेक बार येतात आणि शेवटचे दोन बार ई मायनरचे असतात. मी तक्त्याबरहुकूम ए डोरियन, मग डी मिक्सोलिडियन, मग जी आयोनियन असे करत जातो. प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेवर नव्या कॉर्डच्या मूळ स्वरावर उडी मारायची आणि तिथून स्केल चढायचे, असा माझा क्रम आहे. बहुतेक ठिकाणी विसंगत स्वर लागत नाही, तरीही ऐकताना पलटे घोटल्यासारखे वाटते. शिवाय बी सेव्हनवर मिक्सोलिडियन लावले की काहीतरी खटकते, आणि ते का खटकते हे मला सांगता येत नाही. तक्ता पाठ करून त्याचे संगीत कसे करायचे, की तक्ता बाजूलाच ठेवायचा, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.


प्रतिसाद १ : मध्यसप्तक

तुम्ही दिलेल्या पहिल्या पाच कॉर्ड्सची स्केल्स कागदावर एकाखाली एक लिहून पाहा. ए डोरियन म्हणजे ए, बी, सी, डी, ई, एफ शार्प (एफच्या अर्धा स्वर वरचा), जी. डी मिक्सोलिडियन म्हणजे डी, ई, एफ शार्प, जी, ए, बी, सी. जी आयोनियन, सी लिडियन आणि एफ शार्प लोक्रियन यांतही हेच सात स्वर आहेत. म्हणजे पाच बार तुम्ही एकच जी मेजर वाजवत आहात, मात्र दर बारला त्याला नवे नाव देऊन नव्या ठिकाणापासून सुरुवात करत आहात. पलटे घोटल्याचा भास होतो तो या सुरुवातींमुळे, स्केल चुकल्यामुळे नव्हे.

म्हणून तक्ता उघडण्यापूर्वी धुनेची पट्टी पाहावी. ही धून जी मेजर आणि ई मायनर या दोन सख्ख्या पट्ट्यांमध्ये फिरते, आणि दोन्हींचे मूळ सात स्वर एकच आहेत. आता या सात स्वरांच्या बाहेरचा स्वर कोणत्या कॉर्डमध्ये आहे एवढेच शोधायचे. पहिल्या आठ बारांत असा स्वर एकच सापडतो : बी सेव्हनमधला डी शार्प. तेवढ्या एका बारपुरता डी काढून डी शार्प घेतला, की हातात ई हार्मोनिक मायनर उरते आणि बाकी काहीच बदलावे लागत नाही.

तुम्हाला खटकणाऱ्या गोष्टीचे उत्तर इथेच आहे. बी मिक्सोलिडियनमध्ये डी शार्पबरोबर सी शार्प आणि जी शार्पही येतात. त्यांतला जी शार्प हा ई मेजरचा तिसरा स्वर असल्यामुळे तो कानावर पडताच पुढे ई मेजर येणार अशी अपेक्षा तयार होते, आणि मग प्रत्यक्षात येते ई मायनर, जिचा प्राणच साध्या जीमध्ये आहे. डोमिनंट कॉर्डचे स्केल निवडताना ती कॉर्ड कोणती आहे यापेक्षा ती कुठे चालली आहे हे आधी पाहावे लागते. तुमच्या तक्त्यात नेमका हाच रकाना नाही. तीच बी सेव्हन जर ई मेजरकडे जात असती, तर तिच्यावर मिक्सोलिडियन मुळीच खटकले नसते.

आता उजव्या हाताविषयी. माझ्या मते स्केलआधी प्रत्येक कॉर्डचा (तिच्या मूळ स्वरापासून मोजलेला) तिसरा आणि सातवा स्वर पक्का व्हायला हवा. ए मायनर सेव्हनमध्ये ते सी आणि जी आहेत. डी सेव्हन आली की सी जागच्या जागी राहतो आणि जी अर्ध्या स्वराने उतरून एफ शार्प होतो. जी मेजर सेव्हनला एफ शार्प राहतो आणि सीचा बी होतो. सी मेजर सेव्हनला बी राहतो, एफ शार्पचा ई होतो. पुढे ई राहतो आणि बीचा ए होतो. मग ए राहतो आणि ईचा डी शार्प होतो. शेवटी ई मायनरला दोन्ही स्वर एकदम उतरतात, ए जीवर आणि डी शार्प डीवर. म्हणजे शेवटचे वळण सोडले तर प्रत्येक वेळी एक स्वर थांबतो आणि दुसरा एक पायरी उतरतो. हे दोन स्वर नुसते लांब धरून संपूर्ण धून वाजवा. डावा हात अजिबात नसला तरी कॉर्ड्स बदलत असल्याचे ऐकणाऱ्याला स्पष्ट कळेल.

संगीतकार जोसेफ कोस्मा यांनी 1945 मध्ये बांधलेल्या या चालीतही हेच घडते. ए मायनर, जी मेजर, एफ शार्पची ती कॉर्ड आणि ई मायनर या चारही ठिकाणी चालीचा लांब स्वर त्या त्या कॉर्डचा तिसरा स्वर आहे : सी, बी, ए, जी. मधले तीन छोटे स्वर तिथपर्यंत नेऊन सोडण्याचे काम करतात. तुमच्या उपजेचा आराखडा चालीनेच आखून दिलेला असताना मूळ स्वरावर उड्या मारण्याचे कारण उरत नाही. मूळ स्वर वाजवायला बास असतो, आणि बास नसेल तर तुमचा डावा हात असतो. पुढच्या कॉर्डचा तिसरा स्वर कोणता हे एक बार आधी ठरवा, आणि मधल्या मात्रांत त्याच सात स्वरांच्या वाटेने तिथे अर्ध्या किंवा पूर्ण स्वराच्या अंतरावरून पोहोचा. सुरुवातीला बारमध्ये दोनच स्वर, मग चार, मग आठ. घाई करण्यासारखे यात काही नाही.


प्रतिसाद २ : उत्तररंग

मध्यसप्तक यांचे निदान बरोबर आहे, पण ‘पाच बार एकच जी मेजर’ या वाक्यावर थांबणारे अनेक विद्यार्थी पुढे वर्षानुवर्षे सपाट वाजवत राहतात, म्हणून थोडी भर घालतो.

स्वर तेच सात असले तरी त्यांचे वजन दर कॉर्डला बदलते. जी मेजर सेव्हनवर सी हा स्वर जोराच्या मात्रेवर धरून पाहा : तो कॉर्डमधल्या बीच्या अर्धा स्वर वर असल्यामुळे कॉर्ड बंद पडल्यासारखी होते. त्याच सीवरून बीवर उतरलात तर तक्रार नाही. थांबलात तर आहे. आता सी मेजर सेव्हनवर एफ शार्प धरा. तोही चौथाच स्वर, पण तो कॉर्डच्या ईपासून पूर्ण स्वर दूर आहे, त्यामुळे घासत नाही, उलट कॉर्ड उजळते. आयोनियन आणि लिडियन या दोन नावांतला व्यवहारातला फरक हा एवढाच आहे, आणि तो कानाने ओळखण्यासाठी ती नावे उपयोगी पडतात. स्केल कुठून सुरू करायचे हे त्या नावांत सांगितलेले नाही. कोणत्या स्वरावर निवांत थांबता येते हे सांगितलेले आहे.

तुमच्या तक्त्यामागची विचारसरणीही समजून घेण्यासारखी आहे. जॅझ संगीतकार आणि सिद्धांतकार जॉर्ज रसेल यांनी 1953 मध्ये लिडियन स्केलला केंद्र मानून कॉर्ड आणि स्केल ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत असा सिद्धांत मांडला. त्यानंतर काही वर्षांनी, 1959 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी ‘सो व्हॉट’ ध्वनिमुद्रित केले, ज्यात पियानोवर बिल एव्हान्स होते. त्या रचनेचे बत्तीस बार असे आहेत की सोळा बार डी डोरियन, आठ बार ई फ्लॅट डोरियन आणि पुन्हा आठ बार डी डोरियन. तिथे एक कॉर्ड दुसरीकडे ओढत नेत नाही. सोळा बार तुम्ही एकाच ठिकाणी बसलेले असता. अशा रचनेत ‘कॉर्ड कुठे चालली आहे’ हा प्रश्नच उद्भवत नाही आणि तक्ता आपले पूर्ण मोल वसूल करून देतो. अडचण होते ती ‘सो व्हॉट’साठी शोभणारी पद्धत दर बारला कॉर्ड बदलणाऱ्या ‘ऑटम लीव्हज’वर जशीच्या तशी लादल्यामुळे.

डोमिनंटपुढची लांब रांग मात्र भीतिदायक दिसते तेवढी नाही. बी सेव्हनवर अल्टर्ड स्केल म्हणजे बी, सी, डी, डी शार्प, एफ, जी, ए. हे स्वर नव्याने पाठ करण्याची गरज नाही, कारण ते बीच्या अर्धा स्वर वर असलेल्या सीचे मेलडिक मायनर आहे, चढते रूप. मध्यसप्तक यांनी सुचवलेल्या ई हार्मोनिक मायनरशी त्याची तुलना करा : बी, सी, डी शार्प, जी आणि ए दोन्हींत आहेत, ई आणि एफ शार्प यांच्या जागी डी आणि एफ आले आहेत, इतकेच. त्यातला एफ पुढे ईवर उतरतो, डी शार्प ईवर चढतो, सी बीवर उतरतो, आणि जी तर ई मायनरचाच स्वर असल्यामुळे जागेवर राहतो. ताण आणि सुटका यांचा सगळा हिशेब या चार हालचालींत आहे.

हीच किल्ली डी सेव्हनलाही लागते. डीच्या अर्धा स्वर वर ई फ्लॅट; ई फ्लॅट मेलडिक मायनर वाजवलेत की डी अल्टर्ड मिळते. शिवाय डी सेव्हनऐवजी ए फ्लॅट सेव्हन घालण्याची जी युक्ती सर्रास वापरली जाते, तिच्यावरचे लिडियन डोमिनंटही याच ई फ्लॅट मेलडिक मायनरमधून निघते, कारण दोन्ही कॉर्ड्समध्ये सी आणि एफ शार्प हे दोन कळीचे स्वर समान आहेत. एका स्केलमध्ये तक्त्यातल्या दोन ओळी संपल्या.

एफ शार्पच्या हाफ डिमिनिश्ड (म्हणजे मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह) कॉर्डवर जी ऐवजी जी शार्प घेणारेही वादक आहेत. कागदावर ते स्केल देखणे आहे, परंतु पुढे ई मायनर येणार असताना तिचाच जी दोन बार आधी पुसून टाकणे मला पटत नाही. तुम्ही तूर्त तो नाद करू नये.


प्रतिसाद ३ : खमाजप्रेमी

प्रश्नकर्ते पेटीवाले आहेत म्हणून थोडे आपल्या बाजूने लिहितो. ही नावे तुम्हाला परकी वाटत असतील, पण स्वरसप्तके ओळखीची आहेत. भातखंडे यांच्या दहा थाटांपैकी सहा इथे सरळ सापडतात : आयोनियन म्हणजे बिलावल, डोरियन म्हणजे काफी, फ्रिजियन म्हणजे भैरवी, लिडियन म्हणजे कल्याण, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, एओलियन म्हणजे आसावरी. लोक्रियनला थाट नाही, कारण त्यात शुद्ध पंचमच मिळत नाही. हार्मोनिक मायनर म्हणजे किरवाणीचे स्वर; आणि ई मायनरचे तेच स्वर बीला षड्ज मानून वाजवलेत, तर कोमल ऋषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत आणि कोमल निषाद असे बसंत मुखारीचे सप्तक हाती येते. बी सेव्हनवर काय वाजवायचे याचे उत्तर त्यामुळे तुमच्या बोटांना आधीपासूनच माहीत असण्याची शक्यता आहे.

मध्यसप्तक जे म्हणाले ते आपल्याकडे मूर्च्छना म्हणून शिकवले जाते : स्वर तेच, षड्ज हलवला की सप्तक वेगळे. मात्र एक धोका सांगायलाच हवा. आपल्या कानाला तानपुऱ्याचा षड्ज अचल असण्याची सवय आहे, आणि त्या सवयीमुळे आपण प्रत्येक कॉर्डच्या मूळ स्वराला नवा षड्ज समजून तिथे जाऊन बसतो. प्रश्नात वर्णन केलेल्या उड्या मला तरी त्याच सवयीतून आलेल्या वाटतात. या धुनेत कानाने धरलेला आधार जी आणि ई यांच्यात झुलत असतो. ए आणि डी हे त्यावरचे मुक्काम आहेत, षड्ज नव्हेत. म्हणून काफी आणि खमाज ही नावे स्वर आठवण्यापुरती वापरावीत, आणि ए मायनर सेव्हन दिसताच काफीचा विस्तार सुरू करू नये. एका बारच्या चार मात्रांत कोणताच राग उभा राहत नसतो.

दुसरे असे की राग म्हणजे केवळ आरोह-अवरोह नव्हे, हे आपल्याला कोणी नव्याने सांगावे लागत नाही. न्यासाचे म्हणजे थांबण्याचे स्वर असतात, चलन असते, कोणता स्वर कोणाच्या आधाराने घ्यायचा याचे संकेत असतात. उत्तररंग यांनी जी मेजरवरच्या सीविषयी जे लिहिले आहे, ते न्यासाचेच शास्त्र आहे. तिथे आपला कान इतरांपेक्षा पुढे असायला हवा.


प्रतिसाद ४ : आठवा_सूर

वरचे तिन्ही प्रतिसाद स्वर कोणते याविषयी आहेत. ते कोणत्या मात्रेवर पडतात याविषयी कोणीच फारसे लिहिले नाही, आणि माझ्या मते पलटे घोटल्याची भावना निम्म्याहून अधिक तिथून येते.

डी सेव्हनवर डी मिक्सोलिडियन अर्ध्या-अर्ध्या मात्रेच्या स्वरांनी खाली उतरा : डी, सी, बी, ए, जी, एफ शार्प, ई, डी. पूर्ण मात्रांवर पडलेले स्वर तपासा. ते डी, बी, जी आणि ई आहेत. यांतला डी सोडला तर डी सेव्हनचा एकही स्वर जोरावर नाही, आणि डीदेखील जी मेजरचाही असल्यामुळे ऐकणाऱ्याला डी सेव्हन ऐकूच येत नाही, जी सिक्स ऐकू येते. स्केल बरोबर आहे, पण कॉर्ड चुकीची वाजते आहे. आता डी आणि सी यांच्यामध्ये सी शार्प घाला : डी, सी शार्प, सी, बी, ए, जी, एफ शार्प, ई. आता पूर्ण मात्रांवर डी, सी, ए, एफ शार्प हे चारही कॉर्डचे स्वर आले आणि पुढच्या बारची पहिली मात्रा पुन्हा डीला मिळाली. त्या एका जादा स्वरामुळे आठ स्वरांचे स्केल चार मात्रांच्या बारमध्ये चपखल बसते. तक्त्यांमध्ये याला बीबॉप डोमिनंट स्केल म्हणतात. 1940 च्या दशकातले वादक अशा ओळी वाजवत होते ते मात्र कोणता तक्ता पाहून नव्हे.

या परंपरेतले मोठे शिक्षक म्हणजे डेट्रॉइटचे पियानोवादक बॅरी हॅरिस (1929–2021). कॉर्डगणिक स्केल बदलण्याच्या पद्धतीला त्यांचा विरोध होता. ए मायनर सेव्हन आणि डी सेव्हन लागोपाठ आल्या की पहिलीकडे दुर्लक्ष करून दोन्ही बार डी सेव्हनचे स्केल वाजवावे, असे ते शिकवीत. हाफ डिमिनिश्ड कॉर्डलाही ते वेगळी जात मानत नसत. एफ शार्पची ती कॉर्ड म्हणजे ए, सी, ई, एफ शार्प, अर्थात ए मायनर सिक्स, जिचा सहावा स्वर बासमध्ये गेला आहे. या दृष्टीने पाहिले तर तुमच्या आठ बारांत लोक्रियन नावाच्या अवघड पाहुण्याची गरजच पडत नाही.

उत्तररंग यांच्याशी माझा मतभेद आहे तो क्रमाविषयी. अल्टर्ड स्केल विद्यार्थ्याच्या हाती लवकर दिले, तर तो ते आमटीत चुकून दोनदा पडलेल्या मिठासारखे सगळीकडे लागू देतो. आधी साध्या डोमिनंटवर कॉर्डचे स्वर मात्रेवर पाडता आले पाहिजेत. मगच नवव्या आणि पाचव्या स्वरांची मोडतोड शोभते.

आणि ऐका. सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अ‍ॅडरली यांचे 1958 मधले ध्वनिमुद्रण, ज्यात ट्रम्पेटवर माइल्स डेव्हिस आणि पियानोवर हँक जोन्स आहेत, तसेच बिल एव्हान्स यांच्या त्रयीचे 1959 अखेरचे ध्वनिमुद्रण, ही दोन या धुनेची माझ्या मते अटळ आहेत. दोन्ही जी मायनरमध्ये आहेत, म्हणजे तुमच्यापेक्षा तीन अर्धस्वर वर. कीबोर्डवर पट्टी बदलण्याचे बटण असते. पेटीवाल्यांना ते फार प्रिय असते, पण इथे त्याला हात लावू नका. आवडलेले दोन बार कानाने उतरवून घ्या, ते दोन्ही पट्ट्यांत वाजवा, आणि मग त्यात कोणता स्वर कोणत्या मात्रेवर आहे हे लिहून काढा. त्या वादकाने कोणते स्केल ‘वापरले’ हा प्रश्न नंतर बहुधा आपोआप गळून पडतो.


काळी_पाच :

सर्वांचे मनापासून आभार. तिसऱ्या आणि सातव्या स्वरांची साखळी काल रात्री वाजवून पाहिली आणि डी शार्पचा बार प्रथमच कानाला पटला. डी सेव्हनवरचा जादा सी शार्पही लगेच कळला.

दोन शंका उरल्या आहेत. पेटीवर डावा हात भात्याला असतो, त्यामुळे माझा डावा हात या बाबतीत अगदी नवखा आहे. तो मूळ स्वरापासून चारही स्वर एकावर एक रचून कॉर्ड धरतो आणि दर बारला उचलून दुसरीकडे ठेवावा लागतो. त्या गडबडीत उजव्या हाताचे धोरण विसरते. यावर उपाय आहे का? आणि शेवटच्या ई मायनरवर, जिथे दोन बार मोकळे मिळतात, तिथे सी घ्यायचा की सी शार्प? तक्त्यात दोन्हींना परवानगी आहे.


प्रतिसाद : मध्यसप्तक

डाव्या हाताचा उपाय आहे, आणि तो याच साखळीतून निघतो. मूळ स्वर सोडून द्या. ए मायनर सेव्हनसाठी खालून वर सी, ई, जी, बी धरा. डी सेव्हनसाठी फक्त जीचा एफ शार्प करा. बाकीची तीन बोटे हलवायची नाहीत. सी, ई, एफ शार्प, बी या रचनेत सातवा, नववा, तिसरा आणि तेरावा (सप्तकापलीकडे मोजत गेल्यास दुसरा तो नववा आणि सहावा तो तेरावा) असे डी सेव्हनचे चार रंगीत स्वर आपोआप येतात. जी मेजरसाठी बी, डी, एफ शार्प, ए. पुढे एफ शार्पच्या कॉर्डसाठी ए, सी, ई, एफ शार्प. बी सेव्हनसाठी ई अर्धा स्वर खाली आणि एफ शार्प अर्धा स्वर वर नेऊन ए, सी, डी शार्प, जी. आणि ई मायनरसाठी जी, बी, डी, एफ शार्प. हात एकाच वीतभर जागेत राहतो. पियानोच्या मधल्या सीच्या आसपास ही रचना छान वाजते. फार खाली नेली तर गढूळ होते. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात बिल एव्हान्स यांच्यासारख्या वादकांनी ही पद्धत रूढ केली, तेव्हा खाली बासवादक होता हे लक्षात ठेवा. एकटे वाजवताना ही रचना अधांतरी वाटली, तर काही दिवस डाव्या हाताने फक्त मूळ स्वर आणि सातवा स्वर धरावा.

बी सेव्हनच्या त्या रचनेत सी आणि जी आलेले पाहिलेत का? म्हणजे डावा हातच उजव्याला सांगतो आहे की इथे सी शार्प आणि जी शार्प नकोत. तुम्हाला खटकणारे मिक्सोलिडियन या हाताबरोबर वाजवून पाहा; आता खटका दुप्पट मोठा ऐकू येईल.

मात्र चाल स्वतः त्या बारमध्ये काय करते तेही पाहा. ती बी, सी शार्प, डी शार्प अशी चढून जीवर पोहोचते. म्हणजे चाल वाजवताना डाव्या हातातला सी काढून ठेवायला हवा, नाहीतर सी आणि सी शार्प एकमेकांवर आदळतात; त्या वेळी ए, डी शार्प आणि एफ शार्प एवढेच धरावेत. उपज करताना सी परत आणायला हरकत नाही. मी स्वतः चढताना सी शार्प आणि उतरताना सी घेतो.

ई मायनरवरही साधारण तसेच. पहिल्या बारमध्ये ती कॉर्ड म्हणजे घर आहे, आणि सी हा तिच्या बीच्या अर्धा स्वर वर असल्यामुळे त्यावर थांबले की घर डळमळते. उत्तररंग यांनी जी मेजरवरच्या सीविषयी सांगितलेलेच कारण इथेही लागू आहे. म्हणून तिथे थांबायचे असेल तर सी शार्प, म्हणजे डोरियन किंवा मेलडिक मायनर, अधिक सुखाचे. डाव्या हातात डी असेल तर उजव्यात डी शार्प लांब धरू नये, एवढे पथ्य पाळावे. दुसऱ्या बारच्या उत्तरार्धात मात्र सी शार्प सोडून द्या, कारण पुढच्या आवर्तनाची पहिली कॉर्ड ए मायनर सेव्हन आहे आणि तिचा तिसरा स्वर साधा सी आहे. चाल तिथे ई, एफ शार्प, जी असे तीन स्वर घेऊन थेट त्या सीवर जाऊन पडते. तुम्ही ईवरून डीकडे आणि डीवरून सीकडे उतरत आलात तरी त्याच जागी, त्याच मात्रेवर पोहोचाल.